सात खणांचं घर

लाकडाचा व्यापारी आमच्या घरात आला तेव्हा त्यानं भिंतींकडं बघितलंसुद्धा नाही. तो वर बघत होता. खिशातनं छोटा चाकू काढून त्यानं ओसरीतल्या मधल्या खांबाचा धुरानं काळा पडलेला पापुद्रा नखभर खरवडला, आतल्या लाकडाचा वास घेतला आणि म्हणाला, "सागवानच हाय, मावशी. पण मागल्या खणातल्या दोन तुळया लिंबाच्या दिसलाल्यात. त्या मला नकोत."

आई उंबऱ्यावर बसली होती. "लिंबाच्याच हायेत," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात मामंजींनी मागल्या दोन खणांचं माळवद उतरवून सागाच्या तुळया विकल्या. घरात खाणारी नऊ तोंडं हुती. पुढं पाऊसपाणी झाल्यावर लिंबाच्या बसविल्या."

आई लग्न होऊन आली ती १९७४ ला. म्हणजे तिनंही हे ऐकलेलंच. पण मला ४३ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कर्जापायी आजोबांचं घर विकून मोडणारी पहिली मीच, हे मनात घेऊन मी महिना-दीड महिना नीट जेवले नव्हते. आणि इथं माझ्या डोक्यावरच्या त्या दोन तुळया सांगत होत्या की ज्यांनी घर बांधलं त्यांनीच ते पोटासाठी एकदा उतरवलंही होतं. त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या.

घर औसा तालुक्यातल्या एका गावात. सात खणांचं, माळवदाचं. ज्यांनी अशी घरं बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि फळ्या, वर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हेच माळवद. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर किती मोठं हे चौरस फुटांत कुणी विचारत नसे, किती खणांचं एवढंच विचारायचे. मे महिन्यात गावाच्या पांढरीतली माती आणून माळवदावर नवा हात द्यायचा, म्हणजे पावसाळ्यात गळत नाही. उन्हाळ्यात आत असा गारवा की दुपारी गोधडी ओढून घ्यावी वाटायची.

ही दरवर्षीची मातीच आमच्या भागाच्या जिवावर उठली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. मातीत बसवलेल्या दगडांच्या भिंती दोन्हीकडं फुटल्या आणि वरचं वर्षानुवर्षांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. १० हजारांच्या आसपास माणसं गेली. जी ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली त्यांत आमचं गाव नव्हतं. आमच्या गल्लीत कुणी गेलं नाही. आमच्या माजघराच्या भिंतीला मात्र वरपासून खालपर्यंत भेग पडली, माझी तेव्हाची मूठ आत जायची एवढी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, संक्रांतीपर्यंत आम्हाला शेतातच झोपवलं. मग गडी लावून पुढच्या पाच खणांची माती उतरवली आणि पत्रे टाकले. मागच्या दोन खणांत कडबा असायचा, माणसं झोपत नव्हती, म्हणून ते तसेच राहिले. २०१७ ला दादा गेले, आई माझ्याकडं लातूरला आली आणि घराला कुलूप लागलं. बंद घराला कुणी सारवत नाही, कुणी माळवदावर चढत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात त्या मागच्या दोन खणांची भिंत परसात बसली. तुळया तेवढ्या खांबांवर लोंबत राहिल्या. त्यामुळंच व्यापाऱ्याला त्या उजेडात दिसल्या.

आता पैशाचं.

मी लातूरला खाडगाव रोडच्या बाजूला पोरांची मेस चालवते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं, कुणी परभणीचं, कुणी हिंगोलीचं. माझे मालक ऑटोरिक्षा चालवायचे आणि त्यांच्या रिक्षातही क्लासचीच पोरं. मार्च २०२० मध्ये आठ दिवसांत सगळी पोरं आपापल्या गावी गेली आणि आमच्या घरातल्या दोन्ही कमाया एकाच वेळी थांबल्या. रिक्षाचे हप्ते, खोल्यांचं भाडं, किराणावाल्याची उधारी. तेव्हा जो खड्डा पडला तो भरायला मी बचत गटातनं उचल घेतली, आणि गटाचा हप्ता चुकू नये म्हणून एका माणसाकडनं दीड लाख घेतले, शेकडा तीन रुपये दरमहा. महिन्याला साडेचार हजार नुसतं व्याज. पोरं परत आली, पण तोवर मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि रिक्षा विकावी लागली. ३४ डबे करून मी व्याज फेडत होते, मुद्दल जागच्या जागी.

२०२५ च्या जूनमध्ये तो सावकार घरी आला, चहा प्याला आणि फार गोड बोलला. "गावाकडलं घर पडूनच हाय. माझ्या नावानं खरेदीखत करून द्या. पैसे फिटले की परत फिरवून देतो. नुसतं कागदावर."

मी जवळजवळ तयार झाले होते. खरं सांगते, त्या दिवशी मला ते सोपं वाटलं. आतल्या खोलीत आईनं ऐकलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, चहा झाला असंल तर कप द्या." तो गेल्यावर मला म्हणाली, "घर जायचंच असंल तर जाऊ दे. पण किंमत करून जाऊ दे. असं फुकटात न्हाई."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या जागी असेल तर कळकळीनं सांगते, कर्जाच्या तारणाला खरेदीखत करून देऊ नका. कागद बोलतो, तोंडाचा शब्द बोलत नाही. विनापरवाना सावकारी करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार देता येते. मला हे नंतर एका वकील ताईंनी सांगितलं. आधी माहीत असतं तर त्या माणसासमोर मी एवढी मान खाली घालून बसले नसते.

घर आईचं, कर्ज माझं. ही गोष्ट मला रात्री झोपू द्यायची नाही. एकदा मी आईला तसं बोललेही. ती मेथी निवडत होती. "तिथं घुशी राहतात," एवढंच म्हणाली, आणि निवडलेली जुडी माझ्याकडं सरकवली.

मग कागद काढायला घेतले तेव्हा कळलं की घर आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा १९८९ ला गेले, दादा २०१७ ला, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबाच जिवंत. घरपट्टी आम्ही भरत होतो, पावत्या होत्या, पण नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. दोन पिढ्यांची वारस नोंद लावायची, म्हणजे आत्या आली, मी, माझी धाकटी बहीण, भाऊ आणि आई. आत्यानं, आम्ही बहिणींनी आणि भावानं आईच्या नावानं हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग आईनं विकायचं, असं ठरलं. हक्कसोडपत्र साध्या स्टॅम्पवर लिहून ठेवून भागत नाही, त्याची नोंदणी करावी लागते.

भाऊ चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. फोनवर म्हणाला, "आक्का, माझं काय ते नंतर बघू, तुझं आधी फेड." धाकटी मात्र म्हणाली, "मला माझ्या हिश्श्याचं काहीतरी पाहिजे." यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. मावशी, चुलती, सगळ्या तिला नावं ठेवायला लागल्या. मी ठेवली नाहीत आणि इथंही ठेवणार नाही. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, तो काय फक्त सोडून द्यायला दिलाय? तिच्या घरीही दोन लेकरं आहेत आणि सोयाबीनला त्या वर्षी काय भाव मिळाला ते सगळ्यांना माहीत आहे. ६० हजार तिचे, असं ठरलं. तिनं सही केली, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. त्या रडण्यात राग नव्हता.

आत्या ७८ वर्षांची. निलंग्याहून एकटी आली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट असल्यामुळं ती कुणाला तिकिटाचेसुद्धा पैसे मागत नाही. अंगठा लावला, फोटो काढला, आईच्या हातची कढी-भाकरी खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तिनं काहीच मागितलं नाही. काही माणसांचं ऋण पैशानं फिटत नाही हे त्या दिवशी समोर बघितलं.

माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दीड लाख रुपये होती. पंचमीला मी माहेरी, म्हणजे गावात चुलत्यांकडं गेले होते. झोका, फेर, लाह्या सगळं झालं आणि रात्री चुलत बहिणीजवळ मला रडू आलं. व्याजाचं, सावकाराचं, सगळं बोलून गेले. पोळ्यापर्यंत ते अख्ख्या गावाला माहीत. जुलैमध्ये जो शेजारी साडेचार लाखांपर्यंत बोलला होता, तो सप्टेंबरात म्हणाला, "तीन देतो. तुम्हालाबी निकड हाय." भिंत पडल्यावर अडीचवर आला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते, पण बाकीच्यांना त्याची गरज दिसली की तिचा उपयोग होत नाही.

घर म्हणून ते कुणालाच नको होतं, हेही हळूहळू लक्षात आलं. लाकूडवाल्याला खांब, चौकट आणि तुळया हव्या होत्या, ७० हजारांत, पाडायचा खर्च आमच्याकडं. पुण्याकडं हॉटेलांना, फार्महाऊसना असलं जुनं लाकूड लागतं म्हणाला. एका शेतकऱ्याला पांढरी माती हवी होती रानात टाकायला, ट्रॉलीच्या हिशोबानं. लातूरच्या दलालाला नुसती जागा हवी होती, आणि वरचं सगळं त्याच्या दृष्टीनं राडारोडा. ज्या कोनाड्यात दादा रेडिओ ठेवायचे, ज्या भिंतीवर आमच्या उंचीच्या रेघा होत्या, त्याला भाव नव्हता. तो नसणारच होता, आणि मी तो कुणाला मागितलाही नाही.

एका दलालानं सल्ला दिला की पडक्या भिंतीला बाहेरून पत्रे मारा, भेगेत सिमेंट भरून चुना फिरवा, गिऱ्हाईकाला पुढच्या बाजूनं दाखवा. १० हजारांत काम होईल आणि किंमत ५० हजारांनी वाढेल. माझा हिशोब कच्चा नाही, मला हे पटलं. पण ती भेग मी माझ्या हातानं मोजलेली. किल्लारीच्या बाजूची माणसं आमच्या नात्यात होती. जिथं कुणाचं लेकरू झोपणार आहे तिथली भेग चुन्यानं झाकायचं धाडस मला झालं नाही. १० हजार तर हातात नव्हतेच, पण असते तरी मी ते केलं नसतं.

दिवाळीनंतर एक जोडपं आलं. गावातलंच. तो ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ती अंगणवाडीत मदतनीस, गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे. त्यांचं घरकुल मंजूर होतं, १ लाख २० हजारांचं, पण बांधायला जागा स्वतःची लागते आणि ती नव्हती. त्याच्या थोरल्या भावालाही शेजारी एक खोली टाकायची होती, म्हणून दोघं मिळून घेणार होते. तिनं आधी परसात जाऊन आडाला पाणी आहे का ते बघितलं. मला ती तिथंच आवडली.

मेसच्या हिशोबाच्या वहीतलं एक पान फाडून मी घराचं सगळं दुखणं त्यावर लिहून नेलं होतं. ते त्यांना वाचून दाखवलं. मागची भिंत पडली आहे आणि राहिलेल्या तुळयांखाली कुणी उभं राहू नये. माजघराची भेग भूकंपाची आहे, राहायचं असेल तर ही भिंत ठेवू नका. पत्रे ३० वर्षांचे आहेत. चुलत्यांच्या मोरीचं पाणी आमच्या परसातून जातं, ते तोंडी ठरलेलं आहे, त्याचं आधी त्यांच्याशी बोलून घ्या. जमिनीत घुशींची बिळं आहेत. आतापर्यंत आलेले कमी-जास्त भावही सांगितले. नवरा बायकोकडं बघून गप्प बसला. तिनं विचारलं, "आक्का, एवढं सगळं का सांगलालाव?" मी म्हणाले, "तुम्हाला इथं राहायचंय म्हणून."

४ लाख ७५ हजारांवर ठरलं, लाकूड-दगडासकट. दगड त्यांना पायाला होणार होते आणि तुळया भावाच्या खोलीला. ५१ हजारांचा इसार त्यांनी रुमालात बांधून आणला, त्यात १०० च्या नोटा जास्त. तिचे कानातले गेलेले मला दिसले, पंधरा दिवसांपूर्वी होते. आमची अडचण मोडून त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली की काय, असं वाटून मी आईकडं बघितलं. आई इसार पावतीवर अंगठ्याची शाई पुसत बसली होती.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात रजिस्ट्री झाली. फोटो, अंगठे, दोन ओळखदार, तासाभरात मोकळे. धाकटीचे ६० हजार तिथंच दिले. सावकाराचं मुद्दल आणि चार महिन्यांचं थकलेलं व्याज मिळून १ लाख ६८ हजार, गटाचे ७२, किराण्याचे ४१, खोल्यांच्या भाड्याचे २४. सावकाराकडून माझा सही केलेला कोरा चेक परत घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. उरलेल्यातले १ लाख आईच्या नावानं पोस्टात ठेवले, १० हजारांची मोठी शेगडी घेतली. भावाचं माझ्याकडं आहे. ते मी विसरलेले नाही.

मला वाटलं, संपलं. जानेवारीच्या शेवटी एका पहाटे आईनं मला हलवून उठवलं. "आगं, पेव!"

"कसलं पेव?"

"माजघरातलं. तुझ्या कागदात पेव सांगितलंच न्हाईस की तू."

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. मला ते आठवतच नव्हतं. मी लहान असतानाच ते बुजवल्यासारखं करून वर फरशी टाकली होती. पण आई म्हणाली, बुजवलं नाही, नुसतं तोंड झाकलंय. आत दहा पोती ज्वारी मावायची. पूर्वी उघडलं की आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरवायचा नाही. आणि त्याच दिवशी तिथं जेसीबी लागणार होता. मी घर घेणाऱ्याला फोन लावला. तो ट्रॅक्टरवर होता, तीनदा उचलला नाही. त्याच्या बायकोनं उचलला. "ड्रायव्हरला सांगा, माजघरात गाडी घालू नका. आम्ही येतो." डबे शेजारच्या ताईंवर सोपवून आम्ही दोघी पहिली गाडी पकडली.

पत्रे उतरवले होते. माजघरात ऊन आलं होतं, मी पहिल्यांदाच बघितलं ते तिथं. आई देवळीला पाठ लावून उभी राहिली आणि मोजत चालायला लागली. नऊ पावलांवर थांबली. जेसीबीच्या ड्रायव्हरनं पहार आपटली. ठस्स. काही नाही. आई परत देवळीशी गेली, थोडा वेळ पायांकडं बघत उभी राहिली.

"तवा माझं पाऊल लांब हुतं," ती म्हणाली, आणि या वेळी अकरा मोजली.

पहारीचा आवाज बदलला. खालून घुमून आला. आईनं पदराची गाठ सोडून चुन्याची पुडी काढली, वाकून हातानं तिथं मोठा गोल ओढला, आणि एकदा ओढलेल्या गोलाबाहेर हातभर सोडून आणखी एक. त्या पोरीनं आपलं लेकरू कडेवर घेतलं आणि भिंतीपलीकडं नेऊन उभी राहिली.